खाजन शेती आणि बदलते हवामान

मांडवी, जुवारी आणि त्यांच्या उपनद्यांच्या काठची खाजन जमीन आपल्या पूर्वजांनी अपार कष्टाने खाऱ्या पाण्याकडून मिळविलेली आहे. दिवसातून दोन वेळा जेथे भरतीचे पाणी पसरत असे, तेथे चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचे बांध घालून गावकऱ्यांनी भात पिकविले. गोव्यात अशी जमीन सुमारे १८ हजार हेक्टर आहे. तिचा बराच भाग उधाणाच्या पातळीपेक्षा खाली असल्यामुळे हवामानातील बदलाची झळ सर्वप्रथम खाजन शेतकऱ्यास पोहोचते. या बदलास लहान शेतकऱ्याने कसे तोंड द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बदलाचे स्वरूप

हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञ मंडळाच्या २०२१ सालच्या अहवालानुसार, १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली. २००६ ते २०१८ या काळात वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर इतका झाला. आकडा लहान वाटला तरी दोन वीत उंचीच्या फरकावर ज्या शेताचे भवितव्य अवलंबून असते, तेथे तो लहान नाही.

पावसाची रीतही बदलत आहे. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस ‘क्यार’ चक्रीवादळाच्या वेळी कापणीस आलेले भात पावसात सापडले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याजवळून गेले आणि त्याच वर्षी २३ जुलैच्या सुमारास राज्यात मोठा पूर आला.

मानशीचे कार्य

बांधात बसविलेली मानस हे खाजनाचे हृदय होय. तिची लाकडी दारे नदीच्या भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि खारे पाणी बाहेर राहते. ओहोटी लागली की आतील पाण्याच्या दाबाने ती उघडतात व पावसाचे पाणी नदीत जाते. नदीची पातळी जसजशी चढेल, तसतसा दारे उघडी राहण्याचा अवधी कमी होत जाईल. दुसरीकडे थोड्या वेळात अधिक पाऊस पडल्यास बाहेर घालवावयाचे पाणी मात्र वाढेल. म्हणून मोडकी फळी किंवा गाळाने भरलेली पोंय यांकडे पूर्वीपेक्षा अधिक काटेकोरपणे लक्ष देणे अगत्याचे आहे.

पावसाळ्यापूर्वीची कामे

बांधाची पाहणी अमावस्या व पौर्णिमेच्या उधाणाच्या वेळी करावी. पाणी कोठे झिरपते आणि बांधाचा माथा कोठे खचला आहे, हे त्या वेळी स्पष्ट दिसते. खेकड्यांची बिळे चिखलाने ठासून बुजवावीत. लहानशा बिळातूनच मोठी खांड पडते. सर्व बांध समपातळीत ठेवावा, कारण पाणी नेहमी सर्वांत सखल जागेवरूनच आत शिरते. मानशीची दारे घट्ट बसतात की नाही हे पाहावे व पोंयीतील गाळ काढावा. बांधाबाहेरील खारफुटी लाटांचा जोर मोडते, म्हणून ती तोडू नये.

बियाणे व पाणी

कोरगुट हे खाजनातील जुने खारसोशिक भात होय. त्याचे उत्पन्न कमी व ताट उंच असल्यामुळे ते लोळते, म्हणून अनेकांनी त्यास सोडचिठ्ठी दिली. परंतु खारे पाणी शिरले असता तग धरण्याचा गुण त्यात आहे. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने खाऱ्या जमिनीसाठी ‘गोवा धान’ या मालिकेतील वाण विकसित केले आहेत. सखल व बांधालगतच्या भागात खारसोशिक वाण आणि उंच भागात नेहमीचे वाण, अशी विभागणी केल्यास एकाच संकटात सारे पीक जात नाही.

पहिल्या पावसाने जमिनीतील मीठ विरघळते. ते पाणी ओहोटीच्या वेळी मानशीतून बाहेर सोडावे व मीठ पुरेसे धुऊन गेल्यावरच पेरणी करावी. पुढे पावसात खंड पडल्यास शेतातील गोडे पाणी राखून ठेवावे, कारण माती सुकू लागली की मीठ पुन्हा वर येते. पेरणीपूर्वी मातीची क्षारता तपासून घेतल्यास वाणाची निवड करणे सोपे जाते.

सामुदायिक जबाबदारी

वरील कामांपैकी वाणाची निवड एकटा शेतकरी करू शकतो. बांध मात्र एकट्याचा नसतो. पूर्वी गावकरी संस्था बांधांची देखभाल करीत असत. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर आणि १९७५ च्या नियमांनुसार ही जबाबदारी कुळांवर संयुक्तपणे आली. शंभर शेतकऱ्यांनी आपापला भाग दुरुस्त केला आणि एकाने हयगय केली, तर पाणी शंभरांच्याही शेतात शिरते.

मानशीच्या मासेमारीचा लिलाव हा उत्पन्नाचा मार्ग आहे. परंतु अधिक मासळीच्या लोभाने भरतीच्या वेळी दारे उघडी ठेवली, तर पाण्याच्या वेगाने बांधाचा पाया खचतो. म्हणून दारांवर शेतकऱ्यांच्या संघाचीच देखरेख असावी आणि लिलावाच्या रकमेतून प्रथम दुरुस्तीचा खर्च भागवावा. खांड पडल्यास त्याच ओहोटीत ती बुजविण्याचा प्रयत्न करावा व विभागीय कृषी कार्यालयास तत्काळ कळवावे. दुर्लक्षित शेतात काही वर्षांत खारफुटी वाढते. कायद्याने तिला संरक्षण असल्यामुळे ती जमीन पुन्हा लागवडीखाली आणणे अत्यंत कठीण होते.

शिक्षकांसाठी

किनाऱ्यावरील शाळांना खाजन ही उघडी प्रयोगशाळा आहे. मानशीजवळ खुणा केलेली काठी रोवून विद्यार्थ्यांकडून प्रत्येक उधाणाची पातळी वहीत नोंदवून घ्यावी. नदीत उतरण्याचे काम मात्र जाणत्या माणसाकडे द्यावे. काही वर्षांच्या अशा नोंदी गावाला बांधाची उंची ठरविण्यास उपयोगी पडतील.

समुद्राची पातळी रोखणे एका गावाच्या हाती नाही. आपल्या बांधातील सर्वांत सखल जागा शोधून ती पावसाळ्यापूर्वी भरणे मात्र निश्चितच हाती आहे. त्या कामासाठी येत्या उन्हाळ्यात गावाने एकत्र यावे, हेच सांगणे.