किशोरवयातील मैत्री आणि लैंगिक जाणिवेची जडणघडण

आईवडिलांना विचारण्याचा धीर होत नाही, असे अनेक प्रश्न किशोरवयीन मुलेमुली मित्रमैत्रिणींना विचारतात. शरीरातील बदल आणि मनातील ओढ यांची पहिली वाच्यता बहुधा मैत्रीतच होते. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांच्या मते, 'मी कोण' या प्रश्नाचे उत्तर किशोरवयात शोधले जाते आणि त्याच पायावर तारुण्यातील जिव्हाळ्याचे संबंध उभे राहतात.

मित्राच्या संगतीने मुलाचा लैंगिक कल पालटतो, ही समजूत निराधार आहे. समलिंगी कल हा आजारही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली तो रोगांच्या यादीतून वगळला. प्रौढांचे संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. मैत्री कल ठरवीत नाही. परंतु तरुण स्वतःकडे आदराने पाहील की भयाने, हे पुष्कळ अंशी मैत्रीवर अवलंबून असते. हुबळी-धारवाडमधील नवनगर येथे राज्य विधी विद्यापीठ आहे. अशा शिक्षणकेंद्री उपनगरातून येणारा तरुण शाळेच्या अंगणात झालेली कुचेष्टा किंवा मिळालेला विश्वास मनात घेऊनच येतो.

मैत्रीचे हे सामर्थ्य ओळखूनच ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. तो १० ते १९ वर्षे वयोगटासाठी आहे. हजार लोकवस्तीमागे दोन मुले व दोन मुली यांना 'साथिया' म्हणून निवडून प्रशिक्षण द्यावे, अशी त्यात योजना आहे. किशोरांसाठीच्या सल्ला केंद्रांना महाराष्ट्रात 'मैत्री', तर कर्नाटकात 'स्नेह' हे नाव देण्यात आले, हे अर्थपूर्ण होय. अर्धवट माहिती मित्राकडून मित्राकडे पसरते, तशीच शास्त्रशुद्ध माहितीही पसरू शकते.

शिक्षकांनी वर्गातील चालण्याबोलण्यावरून होणारी टिंगल तत्काळ थांबवावी. पालकांनी संशयापोटी मैत्री तोडू नये. मुलांचे बोलणे न रागावता ऐकावे. मात्र मैत्रीच्या नावाखाली बळजबरी होत असेल, तर मौन बाळगू नये. अठरा वर्षांखालील मुलामुलींना २०१२ च्या कायद्याचे संरक्षण असून १०९८ या क्रमांकावर साहाय्य मिळते.

गावातील एकही मूल आपल्या मनातील प्रश्नासह एकाकी राहू नये, ही दक्षता घेणे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.