मद्रासचे श्वानमित्र

महाराष्ट्रात दसरा-दिवाळीच्या सुमारास पाऊस उघडतो आणि शेते पिवळी पडू लागतात. नेमक्या त्याच वेळी पूर्व किनाऱ्यावरील मद्रास शहरात खऱ्या पावसाला आरंभ होतो. ईशान्येकडून येणारे वारे बंगालच्या उपसागरावरील बाष्प घेऊन येतात आणि ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत त्या शहराला झोडपून काढतात. शहराची भूमी सपाट. समुद्रही अगदी लगत. त्यामुळे साचलेले पाणी लवकर ओसरत नाही. रस्त्यांचे ओढे होतात. माणसे घरांच्या वरच्या मजल्यांवर जाऊन बसू शकतात. रस्त्यावर जन्मलेल्या जनावरांना मात्र वरचा मजला नसतो.

१९५९ सालच्या अशाच एका पावसात कॅप्टन व्ही. सुंदरम् यांना पुराच्या पाण्यात सापडलेली कुत्र्याची दोन पिले दिसली. त्यांनी ती उचलून घरी आणली. पुढे भारतभर प्रसिद्धीस आलेल्या 'ब्ल्यू क्रॉस ऑफ इंडिया' या संस्थेचा जन्म या घटनेतून झाला.

सुंदरम् हे व्यवसायाने वैमानिक होते. म्हैसूरच्या महाराजांचे विमान ते चालवीत असत. त्यांच्या पत्नी उषाबाई याही वैमानिक होत्या. बंगळूरजवळ जक्कूर येथे सरकारी वैमानिक शाळा आहे. तेथून १९४९ साली उत्तीर्ण झालेल्या त्या पहिल्या महिला. त्या काळी स्त्रीने मोटार चालविणे हेदेखील लोकांना नवल वाटे, हे ध्यानात घेतले म्हणजे उषाबाईंच्या धाडसाची कल्पना येते. पंडित नेहरू व सरदार पटेल यांनीही या दांपत्याच्या विमानातून प्रवास केला होता. १९५१ साली मद्रास सरकारने इंग्लंडमध्ये 'डव्ह' जातीचे एक लहान विमान विकत घेतले, तेव्हा ते आणण्याचे काम याच दोघांकडे आले. इंग्लंडहून मुंबईपर्यंतचे अंतर त्यांनी अवघ्या २७ तासांत तोडले. पंख्याच्या लहान विमानाच्या मानाने हा वेग त्या वेळी विक्रमी ठरला.

अशा कीर्तिमान दांपत्याने रस्त्यावरच्या लुत भरलेल्या कुत्र्यांच्या मागे लागावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटले असल्यास नवल नाही. परंतु आरंभी संस्था म्हणजे त्यांचे घरच होते. पती, पत्नी आणि तीन मुले एवढाच तिचा परिवार. १९६४ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली. पुढे शहरातील गिंडी भागात, वेलाचेरी मार्गावर, तिचे स्वतःचे आवार उभे राहिले.

मद्रासमध्ये या कार्याला अनुकूल असे वारेही वाहत होते. सुप्रसिद्ध नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल या त्याच शहरातल्या. राज्यसभेच्या सभासद असताना त्यांनी प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास बंदी करणारे विधेयक मांडले होते. पंडित नेहरूंनी सरकारच तसा कायदा करील असे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले, आणि १९६० साली तो कायदा झाला. सारांश, मुक्या प्राण्यांच्या दुःखाची दाद लागू शकते असे लोकांना वाटू लागले होते. रस्त्यावरील कुत्र्यांच्या बाबतीत मात्र प्रश्न इतका सोपा नव्हता.

कुत्रे चावते. पिसाळलेले कुत्रे चावले तर रेबीज हा रोग होतो. या रोगाचा विषाणू जनावराच्या लाळेत असतो. तो जखमेतून शरीरात शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे रोगी वाचणे जवळजवळ अशक्य. विषाणू मेंदूपर्यंत पोचण्यापूर्वीच इलाज केला तर मात्र जीव वाचतो. म्हणून कुत्रे चावल्याबरोबर ती जागा साबण व वाहते पाणी यांनी १५ मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता दवाखान्यात जाऊन लस टोचून घ्यावी. जखम लहान आहे, किंवा घरचे लोक रागावतील, म्हणून ती लपवून ठेवणे हा सर्वांत मोठा धोका होय. या रोगाला बळी पडणाऱ्यांत गरिबांची मुले पुष्कळ असतात. कारण ती रस्त्यावर खेळतात आणि दवाखाना त्यांच्यापासून दूर असतो.

तेव्हा नगरपालिका कुत्री पकडून मारीत असत, ते केवळ निर्दयपणामुळे नव्हे. नागरिकांचे प्राण वाचविणे हे त्यांचे कर्तव्यच होते, आणि दुसरा मार्ग त्यांना ठाऊक नव्हता. मद्रासमध्ये ही पद्धत १८६० पासून चालू होती. मुंबईत तर त्याच्याही आधीपासून. तेथे १८३२ साली कुत्र्यामागे आठ आण्यांचे बक्षीस ठेवून हे काम जोराने सुरू झाले, तेव्हा श्वानाला पवित्र मानणारे पारशी लोक खवळून उठले आणि शहरात दंगा झाला. एरवी शांतताप्रिय म्हणून ओळखला जाणारा तो समाज! पण दंगा शमला, आणि कुत्री मारण्याची चाल ठिकठिकाणी राहिलीच.

सुंदरम् यांचे पुत्र डॉ. एस. चिन्नी कृष्णा हे पुढे अभियंता झाले. अभियंत्याला आकडेमोडीची सवय असते. कोणतीही योजना सफल झाली की नाही हे तो भावनेने ठरवीत नाही, मोजून पाहतो. १९६४ साली कृष्णा यांनी नगरपालिकेकडे एक साधी चौकशी केली: ही मोहीम केव्हापासून चालू आहे, आणि किती कुत्री मारली? त्यांनी वेळोवेळी मांडलेला हिशेब असा आहे. १८६० च्या सुमारास दिवसाला सरासरी एकाहूनही कमी कुत्रे मारले जाई. १९९५ पर्यंत ती संख्या दिवसाला १३५ वर गेली. मधल्या काळात मारलेल्या कुत्र्यांची संख्या इतकी वाढली की, १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत मद्रासच्या चर्मसंशोधन संस्थेने त्यांच्या कातड्यापासून पैशांची पाकिटे व गळपट्टेसुद्धा तयार करून पाहिले.

आता, या काळात शहरही अफाट वाढले होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. तरीही प्रश्न उरतोच. जो उपाय सव्वाशेहून अधिक वर्षे केला आणि ज्याची मात्रा दरवर्षी वाढवावी लागली, तो उपाय खरा कसा म्हणावा?

उपाय का फसला हे कळण्यासाठी कुत्र्याची राहणी पाहिली पाहिजे. रस्त्यावरची कुत्री वाटेल तेथे भटकत नाहीत. खाटकाचे दुकान, खाणावळीची मागील बाजू, बाजारातील उकिरडा असे जेथे खाणे मिळते तेथे ती वस्ती करतात, आणि आपली हद्द ठरवून घेतात. परक्या कुत्र्याला ती तेथे पाऊल ठेवू देत नाहीत. एका गल्लीतील पाच कुत्री पकडून नेली म्हणजे गल्ली रिकामी होते, पण उकिरडा तसाच राहतो. शेजारची कुत्री त्या मोकळ्या जागेत शिरतात. हद्दीसाठी मारामाऱ्या होतात, चावे वाढतात. शिवाय कुत्रीला दिवस राहिल्यापासून सुमारे नऊ आठवड्यांत पिले होतात. एका वेतात चार-सहा, आणि वर्षात बहुधा दोन वेते. गेलेली पाच कुत्री काही महिन्यांतच भरून निघतात. नव्या कुत्र्यांतील एकालाही लस टोचलेली नसते.

म्हणजे मारण्याने कुत्री कमी होत नाहीत, आणि रोगही जात नाही. यावर कृष्णा व त्यांचे सहकारी यांनी वेगळी रीत सुचविली. कुत्री पकडावी, पण मारू नये. पुन्हा पिले होऊ नयेत म्हणून तिच्यावर पशुवैद्याकडून शस्त्रक्रिया करवावी, रेबीजची लस टोचावी, जखम भरेपर्यंत सांभाळावे आणि मग जेथून आणली त्याच गल्लीत नेऊन सोडावी. 'त्याच गल्लीत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपल्या हद्दीत परतलेली ती कुत्री परक्यांना आत येऊ देत नाही. तिला पिले होत नाहीत. पिलांचे रक्षण करणारी आई अंगावर धावून येते, तो प्रसंगही टळतो. तिला रोग होत नाही, म्हणून ती तो दुसऱ्याला देत नाही. ज्या कुत्रीला मारून टाकण्याची धडपड चालली होती तीच गल्लीची राखण करू लागते. शहरातील १०० पैकी ७० कुत्र्यांना लस टोचलेली असेल तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे.

संस्थेने हे काम १९६४ मध्ये आपल्या बळावर सुरू केले. परंतु शहर केवढे आणि संस्था केवढी! एका बाजूला काही कुत्र्यांवर शस्त्रक्रिया होत, दुसऱ्या बाजूला नगरपालिकेची गाडी फिरून त्यांनाच उचलून नेई. वर्षामागून वर्षे अर्ज जात, भेटी होत, आणि अधिकारी मान हलवीत. तीस वर्षांहून अधिक काळ असा गेला. दोन पिलांना पाण्यातून काढण्यास क्षणभराचे धैर्य पुरते. हे धैर्य निराळ्या जातीचे. त्याच कचेरीत तीच विनंती घेऊन पुन्हा पुन्हा जायचे, आणि दर वेळी आकडे नव्याने समजावून द्यायचे.

अखेरीस एम. अबुल हसन हे आयुक्त असताना महानगरपालिकेने प्रयोगाला मान्यता दिली. प्रथम दक्षिण मद्रासमध्ये कुत्री मारणे थांबवून नवी रीत लागू झाली आणि पुढे १९९६ मध्ये ती साऱ्या शहरात पसरली. त्याच वर्षी शहराचे नाव अधिकृतपणे चेन्नई झाले. शस्त्रक्रिया झालेले कुत्रे पुन्हा पकडले जाऊ नये म्हणून त्याला गुंगीत असतानाच कानाला इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी लहान खाच पाडतात. ती दुरूनही ओळखता येते.

या प्रयोगाचे फळ काय मिळाले? संस्थेने दिलेल्या आकड्यांप्रमाणे १९९६ साली चेन्नईत रेबीजने १२० माणसे दगावली होती. २००७ साली एकही नाही. हे श्रेय एकट्या शस्त्रक्रियेचे नव्हे. माणसांना टोचण्याची लस याच काळात पुष्कळ सुधारली. पूर्वी मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या लशीची चौदा इंजेक्शने पोटात घ्यावी लागत, आणि त्या धास्तीने लोक उपचार अर्धवट सोडीत. नव्या लशीची मोजकी इंजेक्शने दंडात घेतली की पुरते. तरी कुत्र्यांना मारणे बंद केले तर रोग माजेल, ही भीती खोटी ठरली एवढे निश्चित.

२००१ साली केंद्र सरकारने हीच रीत देशभर नियमाने घालून दिली. २०२३ साली ते नियम नव्याने केले. म्हणून प्रश्न मिटला असे नाही. पुष्कळ शहरांत शस्त्रक्रिया इतक्या थोड्या होतात की पिलांची संख्या त्यांना मागे टाकते. उकिरडे जागच्या जागी आहेत. ज्यांच्या मुलांना कुत्रे चावले त्या आईबापांचा संतापही खोटा नाही. त्यांना निर्दय म्हणून बाजूला सारणाऱ्या प्राणिमित्रांनी आपल्याच कार्याचे नुकसान केले आहे. २०२५ साली हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. लस टोचून व शस्त्रक्रिया करून कुत्री मूळ जागी सोडावीत, पिसाळलेली वा अंगावर धावणारी मात्र सोडू नयेत, असा निर्णय न्यायालयाने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये दिला. शाळा, इस्पितळे, रेल्वेस्थानके अशा जागांतून पकडलेली कुत्री पुन्हा तेथे सोडू नयेत, असे नोव्हेंबरमध्ये सांगितले.

सुंदरम् कुटुंबाची दृष्टी कुत्र्यांपुरती मर्यादित नव्हती. पूर्वी शाळा-महाविद्यालयांतून जीवशास्त्र शिकताना बेडूक चिरावा लागे. बेडकाची आतली रचना संगणकाच्या पडद्यावर दाखविणारा कार्यक्रम ब्ल्यू क्रॉसने तयार करविला, म्हणजे बेडूकही वाचला आणि धडाही झाला. डॉ. कृष्णा हे पुढे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचे उपाध्यक्ष झाले.

कॅप्टन सुंदरम् १९९७ साली निवर्तले. आपल्या शहरात कुत्री मारणे थांबलेले त्यांनी पाहिले. पण त्यासाठी त्यांना ऐंशी वर्षांचे व्हावे लागले. उषाबाई २०१० पर्यंत हयात होत्या. वेलाचेरी मार्गावरील आवारात जखमी कुत्री, मांजरे व गुरे येत राहिली. पावसाळ्यात त्यांची संख्या वाढते. पिंजरे अपुरे पडतात, कामाला माणसे कमी पडतात, आणि तरी फाटकाशी कोणी ना कोणी पोत्यात गुंडाळलेले पिलू घेऊन उभे असते.