गुण आला, पण कशाने?

पावसात भातलावणी सुरू झाली की वेंगुर्ल्यात तापाचे दिवस येतात. एक बाई आम्हांला म्हणाली, "पोराक ताप इल्लो. होमिओपॅथीचे गोळये दिलंय. तीन दिवसांत ताप गेलो."

बाई खोटे सांगत नव्हती. ताप गेला, हे खरेच. पण तो गोळ्यांनीच गेला का? शेजारच्या पोराला काहीच दिले नव्हते. त्याचाही ताप तिसऱ्या दिवशी उतरला. आता काय म्हणाल?

पुष्कळसे ताप आपोआप उतरतात. मग गुण कशाचा, हे ओळखावे कसे?

उत्तर आपल्या गावातच आहे. वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र आहे. 'वेंगुर्ला ४' आणि 'वेंगुर्ला ७' हे काजू तिथलेच. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून झालेला 'रत्ना' आंबाही तिथलाच. तो १९८१ साली बाहेर आला. आता सांगा, एका कलमाला एका साली भरपूर काजू लागला, तर ती जात चांगली म्हणावी का? नाही. त्या साली पाऊसच बरा झाला असेल. म्हणून नवी आणि जुनी झाडे शेजारी शेजारी लावतात. माती तीच, खत तेच. बरीच वर्षे बी मोजतात, वजन करतात. मग बोलतात.

औषधाचेही तसेच. आजाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात. एका गटाला औषधाची गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी नुसती साखरेची. कोणाला कोणती, हे आजाऱ्याला ठाऊक नसते आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरलाही नसते. नाहीतर मन भुलते. शेवटी दोन्ही गटांत किती बरे झाले, ते मोजतात.

होमिओपॅथी जर्मनीतल्या हानेमान नावाच्या डॉक्टरने १७९६ च्या सुमारास मांडली. बाटलीवर '३०' लिहितात ना? त्याचा अर्थ असा. एक थेंब औषध नव्याण्णव थेंबांत मिसळायचे. त्यातला एक थेंब पुन्हा नव्याण्णव थेंबांत. असे तीस वेळा. बाराव्या खेपेनंतर मूळ औषधाचा कणही उरणे कठीण.

मुंबईच्या आय. आय. टी.तील संशोधकांनी २०१० साली सांगितले की, अशा औषधांत धातूचे अतिसूक्ष्म कण आम्हांला सापडले. काहींना वाटले, झाले सिद्ध! पण कण असणे वेगळे आणि ताप उतरणे वेगळे. चुलीत राख असते, म्हणून भात राखेने शिजला असे कोणी म्हणते का?

२०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन मंडळाने ६१ आजारांवरच्या १७६ चाचण्या पाहिल्या. होमिओपॅथीने बरा होतो असा भरवशाचा पुरावा त्यांना एकाही आजारात मिळाला नाही. पुरस्कर्त्यांनी या तपासणीच्या रीतीवर आक्षेप घेतला, हेही सांगायला हवे.

२०२० साली कोरोनात 'आर्सेनिक आल्बम ३०' च्या गोळ्या गावोगाव वाटल्या. "गोळी घेतली, कोरोना झाला नाही," असे पुष्कळजण म्हणतात. पण न घेतलेल्यांतही पुष्कळांना झाला नाही. त्यांनाही मोजले, तरच काही कळेल.

सर्दी-पडशात गोळी घेऊन वाट पाहिली, तर फारसे बिघडत नाही. पण आपल्या जिल्ह्यात लेप्टो आहे. उंदराच्या मुताने पाणी दूषित होते. त्या पाण्यातून, पायाच्या जखमेतून तो अंगात शिरतो. आधी साधाच ताप वाटतो. उशीर झाला तर मूत्रपिंडे आणि फुप्फुसे बिघडतात, माणूस दगावतो. चिखलात काम केलेल्याला ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. रक्त तपासून घ्या. आणि डॉक्टरांना आठवणीने सांगा, "हा शेतात पाण्यात उभा होता."