दामाजीचा अंतरा

भालकीच्या भजनी मंडळात पेटीवर बसून तीस वर्षं झाली. एकादशी असो की सप्ताह, फर्माईश ठरलेली, 'कानडा राजा पंढरीचा'. या एका गाण्यानं शिकवलेलं थोडं सांगतो.

१. गाण्याचं माहेर विचारावं.
पुष्कळ वर्षं मी याला जुना अभंगच समजत होतो. निघालं १९७० च्या 'झाला महार पंढरीनाथ' या सिनेमातलं. शब्द गदिमांचे, चाल सुधीर फडक्यांची, गायलंय फडके आणि वसंतराव देशपांडे यांनी. आज तो सिनेमा पाहिलेला माणूस हुडकावा लागतो. गाणं मात्र देवळात येऊन बसलं. मुलानं एकदा जाझवाल्यांचं 'समरटाइम' ऐकवलं. तेही गर्शविनच्या १९३५ च्या ऑपेरातलं, आणि आता ज्याच्या त्याच्या ढंगानं वाजणारं. चांगलं गाणं असं सासरी रमतं.

२. शब्दाचा अर्थ घरातही बघावा.
'कानडा' म्हणजे अगम्य, न कळणारा, अशी फोड कीर्तनकार करतात. खरी आहे. पण आमची आजी कानडी, आजोबा मराठी. भांडण दोन्ही भाषांत चालायचं आणि दोघांना सगळं कळायचं. माझ्या कानाला 'कानडा' म्हणजे आजीकडचा.

३. वसंतराव व्हायला जाऊ नये.
चाल मालकंसाची, त्यात वसंतरावांच्या ताना. तरुणपणी त्या पेटीवर जशाच्या तशा काढायला गेलो. टाळकरी माझ्या तोंडाकडं बघत राहिले आणि ठेका सुटला. फडके शब्द कसा स्वच्छ टाकतात, ते आधी उचलावं.

४. पट्टी गाणाऱ्याची.
बायकांच्या मंडळाला काळी चार लागते. माझी बोटं काळी एकला सरावलेली, म्हणून त्यांनी गळा का दाबावा?

५. शेवटचा अंतरा खाऊ नये.
एका सप्ताहात वेळ संपत आली म्हणून मी तो गाळला. प्रसाद घेताना एक म्हातारे बुवा म्हणाले, "दामाजीला कुठं सोडलास रे?"
घरी येऊन अंतरा नीट वाचला. त्यात नामदेव आहेत, चोखोबा आहेत, कानडीत पदं रचणारे पुरंदरदास आहेत आणि शेवटी दामाजीपंत. मंगळवेढ्याच्या दामाजींनी दुष्काळात सरकारी कोठारं लोकांना खुली केली. त्या धान्याचा पैसा भरायला विठोबा महाराच्या वेशात गेला, अशी कथा आहे. गेला कुठं? बीदरच्या बादशहाच्या दरबारात. भालकीहून तासाभराची वाट! इतकी वर्षं मी हे गाणं पंढरपूरचं म्हणून वाजवत होतो, आणि देव तर आमच्याच जिल्ह्यात येऊन पैसे भरून गेलेला.
आता वेळ कमी असला तर ताना गाळतो. दामाजीला नाही.