शाळेचे संकेतस्थळ व समाजमाध्यम : एका लेखनाची दोन ठिकाणी प्रसिद्धी

पूर्वी गावात एखादी गोष्ट सर्वांना कळवावयाची असली म्हणजे चावडीवर कागद लावीत आणि कोतवालाकरवी दवंडीही पिटवीत. कागद वाचण्यासाठी माणसाला चावडीपर्यंत जावे लागे. दवंडी मात्र त्याच्या दारी येई. शाळेचे संकेतस्थळ हा आजचा चावडीवरील कागद, आणि फेसबुकसारखे समाजमाध्यम ही आजची दवंडी होय. कागद लावताच दवंडी आपोआप पिटली जावी, अशी सोय आता सहज मिळते. ती सोय कशी चालते आणि तिने शिक्षकावर कोणती जबाबदारी येते, ह्याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

१. साधनांची ओळख

संकेतस्थळावरील मजकूर लिहिणे, साठविणे व प्रसिद्ध करणे ही कामे ज्या प्रणालीने होतात, तिला आशय-व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. २००३ साली निघालेली वर्डप्रेस ही त्यांपैकी सर्वाधिक प्रचारात असलेली प्रणाली आहे. मूळ प्रणालीत नसलेले काम करून घेण्यासाठी तिला जे साधन जोडतात, त्यास प्लगइन म्हणतात. ट्रॅक्टर एकच असतो; त्यास नांगर जोडला की नांगरणी होते, पेरणीयंत्र जोडले की पेरणी होते. प्लगइनचेही तसेच आहे. संकेतस्थळावरील नवा लेख समाजमाध्यमाकडे पाठविणारे जेटपॅक सोशल हे असेच एक प्लगइन आहे.

२. जोडणी

प्रथम शाळेच्या नावाचे फेसबुक-पृष्ठ असावे लागते. शिक्षकाचे खाजगी खाते ह्या कामी चालत नाही. कारण १ ऑगस्ट २०१८ पासून फेसबुकने बाहेरील साधनांना व्यक्तीच्या खात्यावर मजकूर टाकण्यास मनाई केली आहे. पृष्ठाचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याने फेसबुकमध्ये प्रवेश करून प्लगइनला संमती द्यावयाची असते. संमती मिळताच फेसबुक एक सांकेतिक परवाना देते. त्यास टोकन म्हणतात. ह्यामुळे परवलीचा शब्द प्लगइनला सांगावा लागत नाही. ज्याच्या खात्यातून टोकन निघाले, त्याने परवलीचा शब्द बदलला किंवा त्याचा अधिकार संपला, तर जोडणी तुटू शकते. ती पुन्हा करावी लागते.

३. बटण दाबल्यावर काय घडते

लेख पूर्ण करून ‘प्रसिद्ध करा’ हे बटण दाबले की तो प्रथम संकेतस्थळावर उमटतो. तद्नंतर प्लगइन त्याचा दुवा व लहानसा संदेश फेसबुककडे धाडते. फेसबुक त्या दुव्यावर जाऊन शीर्षक, थोडका सारांश व एक चित्र उचलते आणि त्यांची चौकट करून वाचकांपुढे ठेवते. ही तीन अंगे ओळखता यावीत म्हणून पानाच्या पोटात ज्या खुणा असतात, त्यांची ओपन ग्राफ नावाची पद्धत फेसबुकने २०१० साली जाहीर केली.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. लेखकाने मुख्य चित्र नेमले नाही, तर प्लगइन बहुधा लेखातीलच एखादे चित्र निवडते. सारांश लिहिला नाही, तर आरंभीच्या ओळी घेते. म्हणजे दवंडीत काय सांगावयाचे हे शिक्षकाने न ठरविल्यास ते यंत्र ठरविते. म्हणून चित्र, सारांश व संदेश ही तिन्ही स्वतः नेमावीत. एखादा लेख समाजमाध्यमाकडे जाऊ नये असे वाटल्यास तेवढ्यापुरती जोडणी बंद ठेवण्याची सोय लेखनपटलावरच असते. ती बटण दाबण्यापूर्वी वापरावी.

४. चूक झाल्यास

समजा, पालकसभा शनिवारी असून लेखात व संदेशात शुक्रवार असे पडले. शिक्षकाने संकेतस्थळावर दुरुस्ती केली, तरी फेसबुकवर गेलेला संदेश त्यामुळे बदलत नाही. संकेतस्थळावरील लेख काढून टाकला, तरी फेसबुकवरील नोंद तेथेच राहते. ती स्वतंत्रपणे काढावी लागते. तोवर ती कोणी इतरत्र पाठविली असेल, तर तेथून ती परत आणणे शिक्षकाच्या हाती नसते. चावडीवरचा कागद काढता येतो. पिटलेली दवंडी परत घेता येत नाही. म्हणून तपासणी बटणाच्या आधीच झाली पाहिजे. लिहिणाऱ्याने लेख प्रथम मसुदा म्हणून ठेवावा, दुसऱ्या शिक्षकाने तो वाचावा, आणि मगच प्रसिद्ध करावा.

५. मुलांची माहिती

तारखेची चूक दुसऱ्या सूचनेने भरून निघते. मुलाच्या बाबतीत झालेली चूक तशी भरून निघत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याचे तत्त्व घालून दिले आहे. ह्यास्तव छायाचित्रासाठी लेखी संमती घ्यावी, आणि तीत फेसबुकचा उल्लेख स्पष्ट असावा. चित्राखाली मुलाचे पूर्ण नाव देऊ नये. शिष्यवृत्तीच्या यादीत जात, बँक खाते वा भ्रमणध्वनी क्रमांक असतात. अशी यादी संकेतस्थळावरही ठेवू नये.

६. बदलीच्या वेळी

जोडणी एका शिक्षकाच्या खात्यातून झालेली असते आणि शिक्षकाची बदली तर होतेच. म्हणून पृष्ठाचा अधिकार मुख्याध्यापकासह निदान दोघांकडे असावा, आणि कार्यभार सोपविताना दप्तराबरोबर ह्या जोडणीचीही नोंद करावी. दुसऱ्याच्या दारातून जाणारी वाट केव्हाही बंद होऊ शकते, हेही विसरू नये. २०२३ साली ट्विटरने आपल्या अटी व दर बदलल्यावर जेटपॅकला तेथील आपोआप प्रसिद्धीची सोय थांबवावी लागली. परंतु ज्यांचे मूळ लेखन स्वतःच्या संकेतस्थळावर होते, त्यांचे लेखन सुरक्षित राहिले. मूळ नेहमी शाळेच्या घरी असावे. बाहेर जावी ती त्याची वार्ता.

केंद्र-संमेलनात चर्चेसाठी प्रश्न

(१) मुख्य चित्र न नेमल्यास कोणता धोका संभवतो?
(२) संकेतस्थळावर केलेली दुरुस्ती फेसबुकवर का पोचत नाही?
(३) आपल्या शाळेतील जोडणी कोणाच्या खात्यातून झाली आहे? ती व्यक्ती उद्या बदलून गेल्यास काय होईल?
(४) छायाचित्रासाठी पालकांच्या संमतीपत्राचा नमुना तयार करा.