लेकरांच्या मेंदूचा अभ्यास करणार म्हणतेस ना?

लेकरांच्या मेंदूवर संशोधन करायचंय, असं तू म्हणालीस आणि घरात सगळे तुला डॉक्टरीणबाई म्हणायला लागले. म्हणू देत. मी याच वाटेवर आहे, म्हणून तुला तेवढं नीट सांगते.

हे काम उपचाराचं नाही गं. मूल बघायला, लक्षात ठेवायला, मनाला आवर घालायला कसं शिकतं आणि तेव्हा मेंदूत काय चाललेलं असतं, ते शोधायचं. पण चार महिन्यांच्या लेकराला विचारणार कसं? उत्तर प्रदेशात शिवगढच्या खेड्यांत जॉन स्पेन्सर यांच्या गटाने हे केलं. लेकरासमोर दोन बाजूंना रंगीत चौकोन लुकलुकतात, एका बाजूला दर वेळी एक रंग बदलतो. आधीचे रंग ध्यानात राहिले तर लेकरू बदलत्या बाजूकडे जास्त वेळ बघतं. डोक्यावरच्या टोपीतून अवरक्त प्रकाश आत जातो. परत आलेल्या प्रकाशावरून रक्तातल्या प्राणवायूचा अंदाज येतो आणि मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते कळतं. एमआरआयचं मोठं यंत्र खेड्यात नेणं अवघड, ही टोपी सहज नेता येते. आई कमी शिकलेली, मिळकत थोडी, अशा घरांतल्या लेकरांच्या मेंदूत ही हालचाल कमी दिसली. २०१९ साली ते छापून आलं. वाचून मला रात्रभर झोप नव्हती.

आता पुण्याचं बघ. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या बायांचा आणि त्यांच्या लेकरांचा माग ठेवत आलेत. मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्या चाचण्या घेतल्या. गरोदरपणी ज्यांच्या आईच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, ती मुलं लक्ष टिकवण्यात आणि आकडे उलट क्रमाने सांगण्यात मागे पडली. मग २०१२ पासून त्याच पिढीतल्या मुलामुलींना बी-१२ देऊन पाहिलं, आणि पुढे त्यांच्याही लेकरांची वाढ मोजली. एका प्रश्नामागे इतकी वर्षं! गावाने दार उघडं ठेवलं म्हणूनच हे झालं.

इथे तू शहरातल्या कित्येकांच्या पुढे आहेस. हळद शिजवायच्या दिवसांत आपल्या कुरुंदा गावातल्या कुठल्या आईला दुपारी बोलवायचं नाही, हे तुला कुणी शिकवायला नको. सुनेची संमती घेण्याआधी सासूला समजवावं लागतं. टोपी बघून एखादी आजी ‘लेकराला करंट लागंल का’ म्हणाली, तर तिला हसायचं नाही, आधी टोपी आपल्या डोक्यावर घालून दाखवायची.

पण गणित सोडू नकोस, हे मी हट्टाने सांगतेय. लेकरं हलतात, रडतात, मधेच झोपतात, आणि बरीच मोजमापं टाकून द्यावी लागतात. उरलेल्यातून खरं काय ते काढायला संख्याशास्त्र लागतं, प्रोग्रामिंगही.

बीएस्सी कर नाहीतर मानसशास्त्रात बीए, दोन्हीकडून वाट आहे. पुढे आयआयटी गांधीनगरला किंवा अलाहाबाद विद्यापीठात बोधनविज्ञान (कॉग्निटिव्ह सायन्स) शिकता येतं, पीएचडीला मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. नेट परीक्षेतून जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली की महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००. बाबांना हे आकडे नक्की सांग. हेही सांग, की पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात, मग पोस्ट-डॉक, आणि पक्की नोकरी लागेस्तोवर तिशी उलटून जाते. तेवढ्यात स्थळं येतीलच. लग्न कधी करायचं ते तू ठरव, पण पीएचडी अर्ध्यात सोडायला लावणाऱ्या घरात जाऊ नकोस.

गाइड निवडताना त्यांच्या आधीच्या विद्यार्थिनींना फोन कर. आजारपणात सुट्टी मिळते का, आपल्या कामावर आपलं नाव पहिलं लागतं का, हे त्याच खरं सांगतात.

या उन्हाळ्यात सेविकाताईंना विचारून अंगणवाडीत बसत जा. शिकवू नकोस काही. कोण कशाकडे किती वेळ बघतं, कशाने लक्ष उडतं, तेवढं तारखेसकट वहीत लिही. दिवाळीला आले की वही बघते.