वसईची केळी : जाती आणि पाककृती

बाजारात आपण 'डझनभर केळी द्या' असे म्हणतो. कोणती केळी, हे बहुधा सांगत नाही. आंब्याच्या बाबतीत मात्र हापूस, पायरी, रायवळ हा भेद आपण काटेकोरपणे पाळतो. वास्तविक केळ्यांतही तितकाच भेद आहे, आणि नंदाखाल-आगाशीच्या पट्ट्यातील घरांना तो चांगला ठाऊक आहे. कोणते केळे कशासाठी आणि का, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. आपल्या खाण्यातील केळी मुख्यतः दोन रानटी जातींपासून आली : मुसा अ‍ॅक्युमिनाटा आणि मुसा बाल्बिसियाना. कोणत्या वाणात कोणाचा अंश किती, यावरून सिमंड्स व शेफर्ड या शास्त्रज्ञांनी १९५५ साली वर्गीकरण मांडले. पहिलीला 'ए' व दुसरीला 'बी' म्हटले, तर बसराई 'एएए', वेलची 'एबी' आणि राजेळी 'एएबी' ठरते. 'बी'च्या अंशाबरोबर पिठूळपणा वाढतो, असे स्थूलमानाने म्हणतात. परंतु वेलची पिकल्यावर गोडच लागते. तेव्हा अक्षरांवर न थांबता चुलीकडे वळणे बरे.

बसराईचे झाड ठेंगणे, फळ मऊ व रसाळ. पिकताना तिच्यातील जवळजवळ सर्व पिष्टाची साखर होते. म्हणून शिकरण करावे ते बसराईचे. तव्यावर टाकल्यास ती विरघळून जाते.

वेलची बोटाएवढी, पातळ सालीची, किंचित आंबटगोड. पूजेच्या ताटात, प्रसादाच्या शिऱ्यात आणि लहान मुलांच्या हातात ती शोभते.

राजेळीची गोष्ट निराळी. फळ लांब, कोनदार, जाड सालीचे. केरळातील नेंद्रन याच कुळातले. बसराईत सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते, राजेळीत दोन-तृतीयांशाच्या आसपास. शिवाय पिकल्यावरही तिच्यात बरेच पिष्ट उरते. त्यामुळे कच्च्या राजेळीचे काप तळता येतात आणि पिकलेलीचे तुकडे तुपावर परतले तरी अखंड राहतात.

याच गुणातून सुकेळी जन्मास आली. पिकलेली राजेळी सोलून कडक उन्हात सुमारे आठवडाभर वाळवतात, रात्री दव लागू नये म्हणून झाकतात. पाणी उडते, साखर दाटते, रंग मधासारखा होतो. मग ती केळीच्याच सुक्या पानात बांधून ठेवतात. मऊ केळ्याचे हे काम नव्हे. आणि पावसाळ्यात हे काम होत नाही.

केळफूलही वाया जात नाही. प्रत्येक फुलातील ताठ दांडी व पारदर्शक पापुद्रा काढून, बारीक चिरून ते ताकात भिजवतात. चिकातील तुरट द्रव्ये हवेने काळी पडतात; ताकाची आंबटी त्यास अटकाव करते. आजीच्या या रीतीमागे असे रसायनशास्त्र आहे.

मित्रहो, आता मुख्य प्रश्न. केळीला पाणी फार लागते. वसईत ते बावखलांनी पुरविले. पावसाचे गोडे पाणी त्यांत साठे, जमिनीत मुरे, आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मागे रेटी. बावखले बुजली, उपसा वाढला, की विहिरी मचूळ होतात आणि वाडी सुकते. नंदाखालचेच सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनी हरित वसईच्या चळवळीत पाणी आणि जमीन यांसाठीच आवाज उठविला. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

शहर वाढले म्हणून केळी मिळेनाशी होणार नाहीत. जळगावची केळी बारमाही येतातच. परंतु त्या मऊ केळ्यांची सुकेळी होत नाही. बावखल गेले की राजेळी जाते, राजेळी गेली की सुकेळी जाते, आणि तिच्यासोबत ती करणाऱ्या हातांचे ज्ञान जाते. उलट, सुकेळीला गिऱ्हाईक असेल तर राजेळी लावण्यास वाडीवाल्याला कारण उरते. म्हणून पुढल्या खेपेस केळी घेताना निदान जात तरी विचारावी.